कमल किनवटला गेली तर

१२ फेब्रुवारी
दवाखान्यातून घरी. खुब्यात सळई. संजू सकाळी पुण्याला परत गेला. जाताना उशाशी वृद्धाश्रमाचे रंगीत पत्रक! "आई, चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे." भूकंपापासून मी स्लॅबखाली झोपत नाही, पुढच्या पत्र्याच्या खोलीत झोपते, हे माझ्या पोटच्या पोराला माहीत नाही?
संध्याकाळी मागची भाडेकरीण कमल दारात. मुलीच्या मेडिकल क्लासेससाठी किनवटहून आलेली. नवरा तिकडे, या दोघी इथे. आमच्या गल्लीत अशा आया घरोघरी.
"बाई, मी हाय ना. अश्विनी क्लासला गेली की मी रिकामीच बसून राहते."
"मला दया नको."
"मग पगार द्या."
आवडली.

२० फेब्रुवारी
दवाखान्यात 'आजी, चला चला' म्हणत आंघोळीला भाजीच्या गाठोड्यासारखं सोडायचे मला. कमल आधी दार लावते, टॉवेल पांघरते, मग पाणी. माझी मोरी, माझा साबण, माझी वेळ. आज आंघोळीनंतर रडले. डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगितले.
भाजी मात्र जाळ! बोलले तर म्हणते, "तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनं तिखट खाऊ दिलं न्हाई का?"
नाही दिलं. शाळेची सगळी वर्षं बोर्डिंगात फिकं वरण.

८ मार्च
वॉकर घेऊन फाटकापर्यंत. क्लासची रिक्षा फाटकात आडवी लावलेली, ड्रायव्हरला झापले. मागून क., "आवाज आला म्हणजे तब्येत आली."
सं.चा फोन. "आश्रमात नाव नोंदवू?" म्हटलं, नोंदव, स्वतःचं.

२ एप्रिल
क. सहज बोलून गेली, सीईटी झाली, नंबर लागला की सामान बांधायचं. मी तोंडावर 'छान' म्हटले.
सं.ला कुठून कळले कोण जाणे. "ती गेल्यावर तरी येशील ना पुण्याला?" कुकर झाला सांगून फोन ठेवला. मी!
गल्लीतल्या निम्म्या मुली रिपीट करतात. अश्विनीनेही केलं तर आणखी एक वर्ष...
लिहून खोडले. खोडले तरी वाचता येतेय. असू दे.

मे, पेपरचा दिवस
अश्विनी पाया पडली. "आजी, बॉटनी सोपी जाऊ दे म्हणा." म्हटले. मोठ्याने म्हटले, म्हणजे मलाही ऐकू येईल.

जून. उद्या निकाल
क.ने परस्पर बोलणी केलीत. अहमदपूरची एक बाई मुलासाठी खोली शोधतेय. "तिला सगळं शिकवून जाते. तुमी तेवढं तिला बोलू नका."
"मी काय खोलीबरोबर द्यायचं सामान आहे?"
"न्हाई. सामान बोलत न्हाई."
दोघी हसलो. मग ती पदराने तोंड पुसत आत गेली. या बाईने मला माझ्या घरात ठेवले. एवढे तोंड चालते माझे, पण हे तिला सांगायचे राहिलेय.

दुसऱ्या दिवशी
अश्विनी नेट कॅफेत गेलीय. क.ने माझे केस धुतले, शिकेकाई दोनदा लावली. मी टोकले तर, "लावू द्या." आता पंख्याखाली बसून लिहितेय, ती मागून केस पुसतेय. फाटकाशी रिक्षा थांबली. कमलचे हात थांबले.
"हलू नका, केस ओले हायेत."
मी म्हटलं, मी नाही हलत. तू जा.