खोटा सांगावा

लातूर,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. रुक्मिणअक्कास,
धाकट्या साखराचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही इकडं खुशाल हाव. माझा भारत रोज नऊला बँकेत जातो, सून जया शाळेवर शिकवायला, नात तनुजा कॉलेजला. मी तिसऱ्या मजल्यावर. भारत बाहेरून कुलूप लावून जातो. म्हणतो, तू दार उघडं टाकून बसतीस. घर लई चांगलं हाय. फरशीत तोंड दिसतं.

हे तूच वाच, सुनेला वाचायला देऊ नको. तू माझा फोन घेत न्हाईस म्हणून अकरा वर्षांनी कागद धरला. तनुजा टपालात टाकील.

तुला दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरांनी आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलं, हे तुझ्या सुनेनं, उमाबाईनं भारतला फोनवर कळवलं. मी म्हणलं, मला उदगीरला ने. तर म्हणला, "आई, नुसतं भेटायला रजा न्हाई. काही झालंच तर त्या क्षणी गाडी काढतो." पोरगं वाईट न्हाई. पण त्याचा अर्थ बघ. तू मेल्यावर मी यायचं.

आणि मी त्याचीच तयारी करून राहिले होते, हे तुला सांगायचं हाय.

अकरा वर्षांमागं आईच्या मातीला, माहेरी लोह्यात, तू चारचौघींत म्हणलीस, "साखरे, तू रडून न्हाई राहिलीस, गाऊन राहिलीस." मी लाज सोडून भांडले, तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई म्हणून उठले.

तू खरं बोललीस.

लग्न होऊन बिलोलीकडं गेले, तर पहिल्याच पंचमीला झोक्यावर गाणं म्हणलं. पारावरच्या माणसांनी वाखाणलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, आपल्या घरच्या बाईचा आवाज गावाच्या कानावर पडायचा न्हाई. तेव्हापासून जात्यावरसुद्धा मुकी. मग सासू वारली. मी हेल काढून, तिचे एकेक गुण सांगत रडले, आणि कोणी गप बस म्हणलं न्हाई. गडीमाणसं पटके काढून ऐकत उभी राहिली. मला वाट सापडली. पुढं चाळीस वर्षं गावात कोणी गेलं की मला बोलावणं. कोणी नुसतं आजारी पडलं तरी मी कापूस वेचता वेचता त्याच्यासाठी रडायचे बोल जुळवायची. जित्या माणसांचे, अक्का! आईचेसुद्धा सहा महिने आधी जुळवले होते. पापीण हाय मी.

आमचे हे गेल्यावर वाटलं, आता मोकळं गाईन. इथं भाजी निवडताना अंगाई धरली, तर जया हळूच येऊन म्हणली, "आत्याबाई, शेजारी विचारतेत, कोण वारलं?" काहीही म्हणलं तरी गळ्यातून तसंच निघतं आता.

परवा तुझे बोल जुळवायला लागले. तू मला पाठकुळी घेऊन ओढा ओलांडायचीस, तिथपासून. चार कडवी झाली आणि मला माझीच भीती वाटली. ऐकायला तू नसशील तर त्याला काय जाळायचंय?

डोक्याला कावळा शिवला म्हणून आईनं आपण मेल्याचा खोटा सांगावा मामाकडं धाडला होता, आठवतं? मामी छाती बडवत आली, तर आई भाकरी थापीत बसलेली. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणतेत.

तर एकवीस तारखेला, गुरुवारी सकाळी आठला, मी इथं हंबरडा फोडणार हाय. माझ्या फोनवर निरोप आला, अक्का गेली, असं सांगणार. भारत खात्री करायला उमाबाईला फोन लावील. तेवढा वेळ तिचा फोन बंद ठेव. बंद लागला की तो गाडी काढील, अकराच्या आत मी तुझ्यापुढं. तो चिडंल, चिडू दे. तू उशीला टेकून बस आणि सगळं ऐक. जिथं खोटं वाटंल तिथं मला थांबीव.

आणि फोन लागला, तर समजेन तू मला माफ केलं न्हाईस. मग ते रडणं खोटं राहणार न्हाई, अक्का. जन्मात पहिल्यांदा खरं रडेन.

तुझ्या हातात असलेली,
साखरा