सहावी पट्टी

२ ऑगस्ट १९९९

आला! अ‍ॅनेटचा तो हॅम्बुर्गवाला हेनिंग.

लिहिते आहे घराच्या जुन्या वहीत. पूर्वी, आमची पूर्व जर्मनी होती तेव्हा, पश्चिमेकडचा पाहुणा आला की चोवीस तासांत या वहीत त्याचं नाव लागायचं, आणि आमच्या इमारतीची वही माझ्याकडे. आता विचारतो कोण! पण चाळीस पानं कोरी उरलीत, टाकून कशी द्यायची. तर — नाव हेनिंग. वय तिशीच्या आसपास. सामान: कॉम्प्युटर एक, वायरींचं भेंडोळं, अंडी फेटायचं यंत्र, रबराचं बदक. धंदा: गाणी करतो म्हणे. बदकावर!

नात माझी, म्हणून हो म्हटलं. तळघरातली कपडे धुवायची खोली हवी आहे तीन आठवडे, तिथे आवाज छान घुमतो म्हणते. आणि माझी खोकी हवीत. तिथेच माझे कान टवकारले.

३ ऑगस्ट

खोक्यांचं लिहायचं राहिलं. शाळा माझी पाचवीपर्यंत, मग युद्ध. पण कान देवाने दिला. एकतीस वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात सूर लावले — लाकडी चौकटीवर धातूच्या आठ पट्ट्या, पोरांनी टिंगटिंग वाजवायचा बाजा. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, पोटात घासली की उतरतो. संपलं शास्त्र. नापास झालेला माल घरी न्यायची मुभा होती. तीच ही खोकी.

तर हेनिंग महाशय काय करत होते? एकेक बाजा उलटा करून खालचे नंबर वहीत टिपत होते! मी दारात उभी. तो दचकला.

"फ्राउ वाइडलिश, हे सगळं सोनं आहे हो!"

सोनं! शेजारच्या ट्राउडलला सांगितलं. ती म्हणाली, "बघ बाई. आमच्या भावजयीकडून असेच दोन गोड बोलणारे येऊन घड्याळ घेऊन गेले. पश्चिमेत आता आपली जुनी खेळणी कपाटात मांडून ठेवतात."

दार आतून बंद करून घेतात. का?

५ ऑगस्ट

खरं सांगायचं तर ऐकायला मजा येते! जिन्यावर बसून बटाटे सोलत ऐकलं. अ‍ॅनेट एकदा टिंग करते. तो ते त्या कॉम्प्युटरच्या डब्यात घालतो आणि डबा तेच टिंग शंभर वेळा परत देतो — उलटं, सुलटं, घोगरं, पावसासारखं. मध्येच बदक. मग अंडी फेटायचं यंत्र कुर्रर्र. माझा पाय आपोआप हलायला लागला, एक बटाटा गडगडत खाली गेला. जेवताना त्यांना काही बोलले नाही. उगाच चढून बसतील. हेनिंगने बटाट्याचे गोळे सात खाल्ले. माणूस संशयास्पद, पण भूक खरी.

एकच गोष्ट. खोक्यातला एक लाल चौकटीचा बाजा सारखा वाजवतात, आणि त्याची सहावी पट्टी चढी आहे! चौथी पडलेली. दातात खडा यावा तसं होतं. सारखी तीच! शंभर वेळा तीच!

६ ऑगस्ट

दुपारी दोघं तळ्यावर पोहायला गेले. मी कानस घेऊन खाली. सहावी पट्टी पोटात जराशी घासली — दोन मिनिटांचं काम. हात विसरलेला नाही! वरती येऊन कॉफी प्यायले. फार बरं वाटलं.

खोकी मोजली. एकोणीस. अजून तरी सगळी आहेत.

९ ऑगस्ट

खाली खुसपुस. "आधी असं नव्हतं," अ‍ॅनेट म्हणत होती. "हवा दमट आहे, धातू हलतो," हेनिंग म्हणाला. मग गावातून थर्मामीटर आणला आणि भिंतीला लावला! मी वर सूप ढवळत तोंड दाबून हसले. सूर नीट झाला तर यांना हवा बदललीशी वाटते!

अ‍ॅनेट मात्र माझ्याकडे बघेना. तो भरवतोय तिला काहीतरी. खोकी गेली तर जावोत, पण पोरगी नको जायला. मार्लिस वारली तेव्हा ही सात वर्षांची. लेकीच्या माघारी हीच तर आहे मला.

१० ऑगस्ट

चौथी पट्टी राहिली होती. ते तळ्यावर, मी खाली. टोकाला घासून झाली, वाजवून पाहिली — काचेसारखी! मान वर केली तर फडताळात, साबणाच्या डब्यामागे, माइक. आणि लाल दिवा.

दहा वर्षं झाली भिंत पडून, आणि माझ्याच धुण्याच्या खोलीत! या देशात मी एक गोष्ट शिकले — कोणी ऐकत असेल तर हवेबद्दल बोलायचं. मोठ्याने म्हटलं, "आज ऊन छान पडलंय." आणि वर पळाले. गुडघे दुखत असून!

हेनिंग, तू आहेस तरी कोणाचा?

११ ऑगस्ट

तीन वाजता कॉफी. मी आलुबुखाराचा केक केलेला. कोणी हात लावेना. अ‍ॅनेटने टेप लावली. खर्र खर्र, खर्र खर्र. टिंग. मग माझाच आवाज: "आज ऊन छान पडलंय."

हेनिंग खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला, इतका हसला. अ‍ॅनेट हसली नाही.

मी म्हटलं, "माझ्या घरात माइक लपवता?"

"लाल बाज्याला कोण हात लावतं ते बघायला, ओमा!" आजीला ती ओमाच म्हणते.

"अगं, बेसूर होता तो! दुरुस्त केला. त्यात काय रडायचं?"

ती खाली जाऊन बाजा घेऊन आली. उलटा करून माझ्यापुढे ठेवला. चौकटीच्या आत पेन्सिलीने: म. वा., ७ ब.

सातवीचा वर्ग. पोरं आठवड्यातून एक दिवस शाळेऐवजी कारखान्यात यायची, काम शिकायला. मार्लिस माझ्याच टेबलापाशी उभी राहायची. मी तिच्या किती पट्ट्या परत केल्या — पुन्हा कर, पुन्हा कर. हा तिने कधी दाखवलाच नव्हता मला.

"ममाने मला दिला होता," अ‍ॅनेट म्हणाली. "झोपताना हाच वाजवायची. ओमाच्याच खोक्यात लपवून ठेव म्हणाली, तिथे कोणी शोधणार नाही. म्हणाली, ओमाला दाखवू नकोस, ती सरळ करून टाकेल."

१२ ऑगस्ट

लिहायला काही नाही. केक ट्राउडलच्या कोंबड्यांना घातला.

१३ ऑगस्ट

हेनिंगने दार वाजवलं. एकटाच. हातात ती नंबरांची वही.

"फ्राउ वाइडलिश, पहिल्याच दिवशी मी प्रत्येक बाज्याची प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवून डब्यात भरून ठेवली होती. कुठला आवाज कुठल्याचा ते कळावं म्हणून नंबर टिपले." मग हळूच म्हणाला, "लाल पण आहे. तुम्ही घासायच्या आधीचा."

मी कानस शोधली.

आयुष्यभर मी कानाने बरोबर शोधत आले. आज दिवसभर डब्यातून तेरा वर्षांच्या पोरीची चूक ऐकत बसले, आणि तिच्यामागे कानस घेऊन गेले. चौथी जमली. सहावी तीनदा हुकली — हात आपला सरळच्या बाजूला ओढ घेतो. हेनिंग न कंटाळता तेच टिंग पुन्हा पुन्हा लावत होता. "अजून एक केस चढवा," म्हणाला. कान आहे पोराला.

१४ ऑगस्ट

सहावी लागली. जशी चुकली होती तश्शी. अ‍ॅनेटने डोळे मिटून ऐकलं. डबा कुठला आणि बाजा कुठला, तिला सांगता आलं नाही.

कानस ट्राउडलकडे ठेवून आले. मी मागितली तरी देऊ नकोस, म्हटलं.