मागच्या सीटवरचा हात

१४ मे २००७
येर्केबुलानला आजही जमलं नाही! जमिनीजवळ आला की विमानाचं नाक उचलायला उशीर. त्याच्या तुकडीतली सगळी पोरं सरावाचं एल-३९ जेट एकट्यानं उडवून आली, हा अजून पुढच्या सीटवर आणि शिकवायला मी मागे. बाकी सगळं चोख करतो — वळणं, चढण, रेडिओ. उतरणं तेवढं नाही. आमचा प्रमुख सागिंबाय म्हणाला, "आठवडा देतो. नाहीतर पाठव घरी." पोराचा बाप घोडे राखतो. या उड्डाणशाळेत यायला यानं दोनदा परीक्षा दिली होती.

१५ मे
स्तेपीवरून धुळीचा वारा. उड्डाण बंद.

१६ मे
सागिंबाय स्वतः त्याला घेऊन गेला. उतरल्यावर मला बाजूला ओढलं. "पोरगा नाक उचलतच नाही. वाट बघत बसतो."
कुणाची?
"तुझी! शेवटच्या दहा मीटरला मागून स्टिक ओढून नाक तू उचलतोस. त्याला वाटतं, विमान असंच उतरतं."
चिडलो. हात नुसता टेकलेला असतो माझा! घरी बायकोला, गौहारला सांगितलं. चहात दूध ओतता ओतता म्हणाली, "तो मेदेत गेल्यापासून तू माझ्या हातातली किटलीसुद्धा धरायला धावतोस."
मेदेत. माझाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी, एकट्याचं पहिलंच उड्डाण. नाक न उचलता धावपट्टीवर आदळला. चौकशीत लिहिलं — विद्यार्थ्याची चूक.
तेव्हापासून हात सुटत नाही. खरंय गौहारचं.

१७ मे
दोन्ही हात वर, काचेच्या चौकटीला धरून बसलो. त्याला आरशात दिसावेत म्हणून.
"सर, हात?"
"तुझं तू बघ."
पहिल्यांदा असे आदळलो की दात वाजले. दुसऱ्यांदा उसळलो. चौथ्यांदा बरा! खाली उतरलो तर तळवे ओलेचिंब. माझे. येर्केबुलान म्हणतो, "सर, इतके दिवस मला वाटायचं मीच उतरवतोय."

२१ मे
एकटा गेला. मी धावपट्टीच्या कडेला गवतात उभा. आधी मागची दोन चाकं, मग पुढचं. व्यवस्थित! पोरांनी त्याला उचलून हवेत फेकलं. रिवाजाप्रमाणे त्यानं सगळ्यांना सिगारेटी वाटल्या, मला अख्खं पाकीट. सागिंबायनं माझ्या पाठीवर थाप मारली — "सुटलास बाबा!"

२३ मे
आइदोस जेवायला आला. माझा सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता कॅप्टन. येताना घरचं घोड्याचं सॉसेज घेऊन आला. माझा हात कसा सुटला ते सांगितलं, तर हसत सुटला.
"आमच्या वेळीही तेच होतं की, सर! तुमच्याबरोबर विमान अलगद टेकायचं. एकटा गेलो तेव्हा जमीन अंगावर आली, तरी नाक उठेना! मरता मरता वाचलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही."
मीही हसलो बहुतेक. गौहार हसली नाही.
सहा वर्षांपूर्वी. म्हणजे मेदेतच्या आधी.

२४ मे
सागिंबायच्या टेबलावर कागद ठेवला — मेदेतची चूक नव्हती. त्याला उतरायला मी शिकवलंच नव्हतं.
"चौकशी मिटलीय. घे परत."
नाही घेतला. दुसरी प्रत मेदेतच्या आईला पोस्टानं पाठवली.