उष्टावणाचा महिना

देवास, माघ शुद्ध ५, शके १८२२

तीर्थस्वरूप सौ. अक्कास, यमुनेचे कृ. सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक आहे. या अनाथबालकगृहात येऊन सव्वा महिना झाला. लेकरे चौदा, पैकी तीन तान्ही. त्यांना शेळीचे दूध बोंडल्याने पाजते आणि किती बोंडली झाली ते वहीत लिहिते. तात्यांनी घरी पाटीवर गिरवून घेतलेले अक्षर इथे एवढ्याच कामी येते.

एका मुलीबद्दल विचारायचे आहे. दुष्काळात डही गावाकडून गाडीभर पोरे आणली, त्यांत ही होती. आई वाटेतच गेली. नाव कोणाला ठाऊक नाही म्हणून इथली म्हातारी दाई भवानीबाई तिला डहीवाली म्हणते. खालचे दोन दात आले आहेत. दुधाने पोट भरत नाही. आधी फार रडायची, आता रडत नाही.

भवानीबाई रोज तांदळाची पातळ पेज करून आणते, मी परत पाठवते. उष्टावण झाल्याशिवाय अन्न तोंडाला लावायचे कसे? मुलीला विषम महिना लागतो, आणि हिचा जन्ममहिनाच ठाऊक नाही. सहावा चालू असला तर? शिवाय पहिला घास मामाने द्यायचा, तो कुठून आणू? भवानीबाई म्हणाली की छोटी बाई, भूख क्या पंचांग देखती है. पण आई असती तर तिने काही रीत केलीच असती. ती नाही म्हणून आपण सोडून द्यावी, हे मनाला पटत नाही.

तात्यांना विचारून लवकर कळव. आपला भाऊ मामा म्हणून एक दिवस येईल का, तेही विचार. लेकरांना पापा. माझी आठवण ठेव.

यमुना


धार, माघ वद्य ३

चि. यमुनेस अक्काचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला तो तात्यांमुळे. आठ दिवस पंचांग आणि पोथ्या पसरून बसले होते. शेवटी म्हणाले की जन्मकाळ ठाऊक नसता दोष नाही, तरी फाल्गुन शुद्ध पंचमी बरी. भाऊ आधी विचारू लागला की पोर कोणाची. मी म्हटले, भुकेची. तेव्हापासून तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. लग्नाला होकार द्यायला त्याने दोन वर्षे घेतली, हे तुला ठाऊकच आहे.

आता माझे ऐक, आणि हे तात्यांच्या कानी जाऊ देऊ नकोस. आमच्या वासंतीने उष्टावणाच्या चार दिवस आधीच जमिनीवरचा भाकरीचा तुकडा उचलून चघळला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी तिचे तोंड पुसले आणि सोहळा थाटात केला. मामाने घास दिला तेव्हा ती सराईतासारखी जेवली, आणि सगळ्या बायका म्हणाल्या की काय शहाणी पोर! तू मात्र लहानपणापासून धुतलेले सोवळे पुन्हा धुणारी. पत्र वाचशील त्या घटकेला पेज दे. पंचमीची वाट पाहू नकोस.

स्वतःही वेळेवर जेवत जा. तुझीच,

अक्का


देवास, माघ वद्य ८

तीर्थस्वरूप सौ. अक्कास, यमुनेचे सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल दुपारी आले. डहीवाली परवा सकाळी गेली.

चतुर्थीपासून जुलाब होत होते. षष्ठीला पहाटे मीच पेज मागितली. चमच्याने दिली, ती ओठांतून बाहेर आली. पुन्हा दिली, पुन्हा आली. गिळायचे बळ उरले नव्हते. डॉक्टर म्हणाले की आधीच खंगलेली लेकरे अशी जातात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलेले दिसत नाही. रडू आले नाही. दुपटी धुतली, दूध गाळले, दुपारी जेवले. वहीत तिच्यापुढे माघ वद्य ६ लिहिले. जन्माची जागा कोरीच आहे.

भवानीबाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तात्यांना सांग, आता दिवस नको. भाऊला सांग, येऊ नकोस.

उरलेल्या दोघांत एक मुलगा आहे. त्याचाही महिना ठाऊक नाही. आज सकाळी त्याला मांडीवर घेतले. पहिले दोन चमचे त्याने थुंकले. तिसरा गिळला. चौथ्याला त्याने आपणहून तोंड उघडले, तेव्हा माझा हात तिथेच थांबला. भवानीबाईने मनगट धरून तो पुढे नेला. वाटी संपेपर्यंत तिने सोडला नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे. कमी झाली तरी मी का म्हणून विचारणार नाही.

यमुना