सुलटी अक्षरं

प्रिय महादूकाका,

चार दिवस माझं लिहायचं टेबल डुगडुगतंय. महाडवर याहून मोठं संकट आलं नसेल! आणि त्याला जबाबदार तुम्ही. टेबलाच्या आखूड पायाखाली तुम्ही कोरलेला छपाईचा लाकडी ठोकळा कित्येक वर्षं होता. तो काढावा लागला, म्हणून हे पत्र.

तालुक्यात कलाप्रेमी उगवलेत. जुन्या छापील व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवतायत. अध्यक्षांनी ठोकळा उलटसुलट करून विचारलं, मशिनवर केलाय का. उमरठला तुमच्या घराच्या पडवीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तुम्ही कठीण लाकडात केसाएवढी रेघ कोरायचात. या गृहस्थांना केळं तरी धड सोलता येत असेल का?

आठवतं ते चित्र? आपल्या पुढारी साहेबांच्या छातीवर 'लोकसेवक' लिहिलेला पट्टा. मी ठोकळ्यावर पेन्सिलीने काढून दिलं आणि तुम्ही चष्मा कपाळावर सारलात.

"अक्षरं सुलटी हायत रे. छापल्यावर उलटी येतील."

"लेखक कोण, मी की तुम्ही? दिलंय तसं कोरा."

"बरं. तू हायस."

का ऐकलंत माझं? एरवी खिळासुद्धा स्वतःच्या मर्जीने ठोकायचात!

अक्षरं उलटीच छापली गेली. छापखान्यात सगळ्यांदेखत मी म्हणालो, या सुताराला अक्षरओळख नाही. तुम्ही तिथेच उभे होतात. एष्टीची वेळ झाली एवढंच बोललात आणि पिशवी उचललीत.

दोन दिवसांत बाजारपेठ हसू लागली. साहेब आरशात बघून स्वतःचीच सेवा करतायत म्हणे! साहेबांना विनोद कळला नाही, पण लोक हसतात एवढं कळलं, म्हणून चिडले. जो तो मला विचारी, ही कल्पना सुचली कशी. मी नम्रपणे मान झुकवत गेलो.

बिघडलं तेव्हा चूक तुमची, गाजलं तेव्हा डोकं माझं. साहेब तरी याहून वेगळं काय करत होते हो?

आता प्रदर्शनाच्या पाटीवरही माझंच नाव आहे. कोरणाऱ्याचं नाव घालायला जागा नाही म्हणे.

उद्घाटनाला कोणी कल्पनेबद्दल विचारलं, तर पडवीतलं आपलं बोलणं शब्दन् शब्द सांगेन. छापखान्यातलंही. वचन देतो.

आणि जागा आहे, काका. चित्रातला साहेबांचा बूट सबंध काळा आहे. तुमच्या माघारी लेकीने जपलेली तुमची कोरणी मागून आणली. तीन अक्षरं कोरताना दोन बोटं कापली. पण या वेळी उलटी कोरली. आज ठसा काढला. काळ्या बुटावर पांढरं, सुलटं आलं: महादू.

तुमचा,
'लेखक' विनू