एका सुईचे विंचू

बेंबळी,
२ ऑगस्ट

प्रिय प्रीती,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला खूप माया. अमरदीप भावजींना नमस्कार. सातवा लागला म्हणे, चिंचा खाऊन दात आंबले असतील. इकडं सोयाबीन बरं आहे, सासूबाईंचे गुडघे तेवढे कुरकुरतात. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर टाकून बोलायची रीत. हे पत्र तू एकटीनं वाच.

शिवकन्याच्या मातीला तुला पोटुशी म्हणून येऊ दिलं नाही, ते बरंच झालं. तिला आंघोळ घालायला मी होते. अंग हळदीसारखं पिवळं, आणि मनगटावरचा विंचू मात्र काळाकुट्ट, कालच गोंदल्यासारखा. तिच्या सासूबाई, प्रेमाबाई, दागिने उतरवत म्हणाल्या, गोंदण तेवढं संगं जातं. माझा हात आपोआप पदराखाली गेला.

नळदुर्गची जत्रा आठवते? गोंदणारा बिचारा प्रत्येकीसाठी नवी सुई काढत होता, शाईही वेगवेगळ्या टोपणांत ओतत होता. शिवकन्यानंच त्याला अडवलं. तिच्या माहेरी मैतरणी एकाच सुईनं, एकाच शाईत गोंदून घेतात. "एका सुईनं गोंदलं की मेल्यावर बी हात सुटत न्हाय," म्हणाली. तो नको नको म्हणत होता, पण आपण तिघींनी त्याचं काही चालू दिलं नाही. मग तिनंच ओळ लावली: "मी पुढं, निकी माझ्या मागं, मग प्रीती."

धाराशिवच्या दवाखान्यात शेवटी ती भ्रमात होती, नवऱ्यालाही ओळखत नव्हती. मी जवळ गेले तर माझं मनगट नेमकं विंचवावर धरलं आणि म्हणाली, "निकी माझ्या मागं. मग प्रीती." नर्सनं एकेक बोट सोडवलं.

तेव्हापासून दिवा लावायच्या वेळेला मनगट कुणीतरी धरतं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी हसले, पण भीती गेली नाही.

डॉक्टर म्हणाले, तिच्या रक्तात ती ब कावीळ, हिपॅटायटिस बी म्हणतात ती, जुनीच होती, तिलाही ठाऊक नव्हतं. विंचवाची गोष्ट ऐकून त्यांनी माझं रक्त तपासायला घेतलं.



प्रीती, माझ्याही रक्तात निघाली. लगेच रडू नकोस. मी धडधाकट आहे, तपासण्या चालू राहतील, लागलं तर औषध आहे. ताटाला ताट लागून ती होत नाही. रक्तातून होते, सुईतून होते, आणि बाळंत होताना आईकडून बाळाला जाते. पण आधी कळलं, तर बाळाला जन्मल्याबरोबर लस टोचतात आणि बहुतेक बाळं त्यातून सुटतात. दवाखान्यात नाव घातलंस तेव्हा ही तपासणी झाली का ते विचार. झाली असली तरी सुईची गोष्ट सांग आणि पुन्हा करायला लाव. भावजींचीही कर. लाजू नकोस.

तिची माया खोटी नव्हती गं. पण काल तिन्हीसांजेला मनगट धरलं गेलं, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "म्या हाय ना तुझ्या मागं. प्रीतीला सोड." पकड ढिली झाली नाही.

म्हणून उद्याच जा. ओळ तुझ्यापाशी संपत नाही, तुझ्या मागं तुझं लेकरू उभं आहे.

तुझ्या पुढं उभी असलेली,
निकी