जवसाचा चमचा आणि जाळीपलीकडच्या माद्या

मी, खाली सही करणारी, सशांच्या शेडची मालकीण, वय सत्तरीच्या पलीकडे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूस असावं लागतं. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यातल्या मोकळ्या जागा फारच लहान निघाल्या, म्हणून कोरे कागद घेतले.

कलम १. माझ्या वाट्याचं घर आणि त्यामागचं अंगण माझ्या नणंदेच्या मुलाला मिळावं. मुलगा वाईट नाही. मधूनमधून येतो, दारातच उभा राहतो आणि माझी तब्येत विचारताना छपराकडे बघतो. मागच्या खेपेला म्हणाला, "मामी, मागची शेड काढली तर दोन गाड्या सहज लागतील." लागतील, बाळा. मी जाईपर्यंत दम धर. मात्र शेडमधली जनावरं तुझी नाहीत. तू ती व्यापाऱ्याला देशील, आणि व्यापारी त्यांचं काय करतो ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. माझ्यामागे या माद्या कोण बघणार, एवढ्या एका प्रश्नापायी हा कागद लिहायला घेतला आहे. बाकी सगळं भरताड.

कलम २. शिवणयंत्र कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावं. या रस्त्यावर "जेवलात का" असं विचारणारं तेवढं एकच माणूस आहे. चहाचे कपही त्यांनीच न्यावेत. कप दोन आहेत. एक माझा, कान तुटलेला. दुसरा अजून कोरा आहे, त्याला कधी काम पडलं नाही.

कलम ३. खाद्याच्या डब्यातला लाकडी दांड्याचा लहान चमचा माझ्या धाकट्या जावेला द्यावा. ती भिंतीपलीकडे राहते. चमच्याला किंमत नाही, पण त्यामागे हकीकत आहे. ती वाचल्याशिवाय तिने तो भंगारात टाकू नये.

आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका. दोघे भाऊ पाठोपाठ गेले, आणि त्यांनी उभी केलेली शेड आम्ही दोघींनी चालवली. धाकटीचा हात सढळ. खाद्य कालवताना ती स्वयंपाकाच्या तेलाची बाटली उलटी धरायची. म्हणायची, आईच्या अंगात असेल तर पिल्लांच्या अंगात उतरेल. माद्या अशा तुकतुकीत दिसायला लागल्या की येणारेजाणारे थांबून बघत. पण नराजवळ नेली की मादी कोपऱ्यात बूड टेकून बसायची, ती काही केल्या उठायची नाही. एखादी गाभण राहिलीच तर दोन पिल्लांवर कारभार आटपायचा. अंगावर चकाकी आहे म्हणजे आतही सगळं आलबेल असणार, असंच आम्हाला वाटायचं. मग धाकटीने त्यावर उपाय काढला: तेल आणखी वाढवलं.

एका उन्हाळ्यात त्यातली सर्वांत देखणी मादी मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती उघडून दाखवली. आत अंडाशयाभोवती पांढऱ्या चरबीची जाडजूड गादी. डॉक्टर म्हणाले, चरबी लागते, पण कोणती आणि किती ते बघा. नराला लावायच्या आधी थोडे दिवस आणि पिल्लं पीत असताना थोडं जवस कुटून घाला. बाकी गवत, गवत आणि गवत. अति तिथे माती. त्या दिवशी मी हा चमचा बाजूला काढला. मादीमागे एक सपाट चमचा, शिगोशीग नाही. पुढच्या वेतापासून फरक दिसला. माद्या नराला बसू द्यायला लागल्या, पिल्लं भरीव निघाली आणि दूधही पुरायला लागलं.

कलम ४. एक वाक्य. हे कोणाच्याही नावे करायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी धाकटीला शेडच्या दारात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हातातली बादली खाली ठेवून ती म्हणाली, "जिला स्वतःला कधी पाळणा हलवता आला नाही, तिने सशांना मुलं कशी होतात ते शिकवू नये."

मग ती घरात गेली. गिऱ्हाइकं पायाखालची जमीन बघत राहिली. त्याच आठवड्यात घरात भिंत आली आणि शेडमध्ये जाळी. तेव्हापासून बोलचाल बंद. ते वाक्य मी इतकी वर्षं सांभाळलं आहे, चांदीच्या भांड्यासारखं, मधूनमधून पुसून. ते माझ्याबरोबर जाईल.

धाकटीला एक मुलगी आहे. लग्न करून लांब गेली. फोन येतो तेव्हा भिंतीतून धाकटीचा आवाज ऐकू येतो: खाल्लंस का, झोप होते का, सर्दी गेली का. मी अलीकडे स्टुलावर बसून ऐकते. फोन बंद झाला की दोन्हीकडे सारखीच शांतता.

कलम ५. जाळीच्या अलीकडच्या सर्व माद्या, पिल्लं, पिंजरे आणि जवसाचं पोतं धाकट्या जावेला मिळावं.

यात एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे नोंदवते. माझ्या माद्या नेमक्या कोणत्या, हे मला सांगता येत नाही. जाळी घातली तेव्हा सगळं वाटून झालं, नर मात्र एकच होता. त्याची वाटणी कशी करणार? त्याचा पिंजरा जाळीच्या मध्यावर ठेवला आणि त्याला दोन्हीकडून दारं केली. त्याला आम्ही सरकार म्हणतो. मूळ सरकार केव्हाच गेला, पण पिंजरा आणि पदवी चालू आहे. माद्या नराला लावायच्या त्याच्या आदल्या दिवशी मी रिकामं पोतं जाळीवर टाकते. ते बघून धाकटीही आपल्या माद्या त्याच वेळी लावते. म्हणजे दोन्हीकडच्या माद्या एकदमच वितात. माझ्या एखादीला पिल्लं जास्त झाली की मी त्यातली दोन-तीन जाळीच्या फटीतून पलीकडच्या फळीवर ठेवते. धाकटी आपल्या मादीच्या घरट्यातले केस त्यांना चोळते, म्हणजे परका वास जातो, आणि ती पिल्लं तिच्या पिल्लांत मिसळून टाकते. तिच्याकडे जास्त झाली की ती अलीकडे येतात. एक शब्द न बोलता आम्ही एकमेकींची किती पिल्लं वाढवली, त्याला गणती नाही. आता कोणती कोणाची हे सरकारलाही सांगता येणार नाही.

जी कोणी या माद्या सांभाळेल तिला एवढंच सांगणं. एखादी मादी खोटीच गाभण राहते. पोटात काही नसतं. तरी छातीचे केस उपटून घरटं करते आणि त्याच्यापाशी बसून राहते. तिला हसू नये. घरटंही लगेच ओढून काढू नये. दूध उतरलं असेल तर पलीकडचं एखादं जास्तीचं पिल्लू तिच्या केसांत चोळून तिला द्यावं.

कलम ६. एक गोष्ट कागदावर असावी. त्या भांडणानंतर धाकटीने तेल बंद केलं ते अगदी साफ. जवस घालायचं तर मी सांगितलेलं ऐकल्यासारखं झालं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. तिच्या माद्या पिल्लं पाजून पाजून खंगायला लागल्या, पाठीचे मणके दिसायला लागले. मला जाळीतून बघवेना. ती बाजाराला गेली की मी मागच्या दाराने तिच्या शेडमध्ये जाते आणि मादीमागे एक सपाट चमचा जवस घालून येते. आजवर तिला कळलेलं नाही. मी गेल्यावर हे बंद पडेल, म्हणून चमचा तिच्याच हातात जायला हवा.

साक्षीदारांबद्दल. मला साक्षीदार म्हणून धाकटी हवी होती. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नका, उद्या तुमचा भाचा खुसपट काढेल. तिच्या नावे माद्या करा, नाहीतर तिची सही घ्या. दोन्ही जमणार नाही.

मी पुष्कळ विचार केला. माद्या तिच्या नावे केल्या तर ती या घरात येईल, पण मी गेल्यावर. हा कागद वाचेल, कदाचित रडेलही, आणि मी भिंतीवर फोटोत असेन. सही करायची तर तिला आत्ता यावं लागेल, या टेबलाशी बसावं लागेल. पण मग माद्या भाच्याकडे, भाच्याकडून व्यापाऱ्याकडे. लाज वाटते, तरी लिहिते. मला ती मेल्यावर नको आहे. मला ती आत्ता हवी आहे.

आज सकाळी मी कलम ३ आणि कलम ५ वर रेघ मारली. डॉक्टर दुसरे साक्षीदार म्हणून आले होते. त्यांना म्हटलं, पलीकडे जाऊन विचारा. फक्त सही हवी आहे, बोललं नाही तरी चालेल.

दुरुस्ती, त्याच दिवशी, साक्षीदारांसमक्ष.

धाकटी आली. केस पांढरे झालेत हे जाळीतून दिसत होतं, पण ती इतकी बारीक झाली आहे हे समोर बसल्यावर कळलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कलम ४ पाशी ती थांबली. मग पेन मागून घेतलं आणि त्या वाक्यावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. ती रेघ ग्राह्य धरावी.

रेघ मारलेली कलमंही तिने सोडली नाहीत. ती वाचून म्हणाली, "मेल्यावर कशाला? द्यायच्या तर आजच द्या. जाळी काढू, पिंजरे माझ्या बाजूला सरकवू. कामाला दोघी आहोतच." जिवंतपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून नोंद करते की माद्या, पिल्लं, पिंजरे, पोतं आणि चमचा मी आज तिला दिले आहेत. या कागदाचा आता त्यांच्याशी संबंध नाही. भाच्याने पुढे रिकाम्या अंगणात खुशाल गाड्या लावाव्यात.

कलम ६ तिने सर्वांत शेवटी वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाली, "ताई, जवसाला वास येतो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर बाजाराला जाताना मागच्या दाराला कडी लावत नव्हते."

मी पेन खाली ठेवलं आणि चहा टाकला. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत बसले. तिने विचारलं, उद्या कोणत्या माद्या लावायच्या. पोतं टाकायची गरज पडली नाही.

कलम २ मध्ये एक बदल. दुसरा कप आता कोरा नाही. तो शिंपीणबाईंनी नेऊ नये.

लिहिणारी: सशांच्या शेडची पूर्वीची मालकीण (सही)

साक्षीदार पहिली: धाकटी जाऊ, राहणार भिंतीपलीकडे (सही)
साक्षीदार दुसरे: जनावरांचे डॉक्टर (सही, घाईत)

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: जाळी काढली तो दिवस, आकडा डॉक्टरांनी खाली घातला आहे.